एकविसावा रकाना

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार; ‘आधी’ म्हणजे १९ जुलै २०२४ च्या आधी)

जानेवारी १९९३. ३१ वर्षं आधी

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन एका परिषदेत निबंध वाचतात. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: नेटवर्कवरून येणारं प्रत्येक पॅकेट चाळायचं आहे. चाळणीचा प्रोग्रॅम वापरणारा लिहिणार, पण तो चालणार कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. गाभ्याबाहेर चूक झाली तर एक प्रोग्रॅम बंद पडतो. गाभ्यात झाली तर अख्खं यंत्र बंद पडतं.

त्यांनी मोजक्या सूचनांची एक लहानशी भाषा आणि ती चालवणारा इंटरप्रिटर तयार केला. प्रोग्रॅम आत घेण्याआधीच तपासायचा. उडी फक्त पुढे मारता येईल, म्हणजे तो फेऱ्यात अडकणार नाही. चालता चालता त्याने पॅकेटच्या टोकापलीकडचा बाइट मागितला, तर त्याला तिथेच थांबवून शून्य परत करायचं. कर्नेलला धक्का लागत नाही.

परक्याचा प्रोग्रॅम असा कुंपणात चालवण्याला सँडबॉक्स म्हणतात. १९९५ साली जावाने हीच शिस्त ब्राउझरमध्ये आणली. २०१४ साली बर्कलीच्या त्या चाळणीची नवी पिढी, ईबीपीएफ, लिनक्सच्या कर्नेलमध्ये आली. तिचा व्हेरिफायर प्रोग्रॅमची प्रत्येक वाट आधी तपासतो आणि मेमरीच्या हद्दीबाहेर जाऊ शकणारा प्रोग्रॅम नाकारतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रोग्रॅम कुणी लिहिला, याला महत्त्व नाही. हद्द प्रत्येक प्रोग्रॅमची तपासली जाते.

२१ एप्रिल २०१०. १४ वर्षं आधी

मॅकॅफी कंपनी आपल्या अँटिव्हायरसची रोजची फाइल पाठवते. क्रमांक ५९५८. विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही स्वतःची, अत्यावश्यक फाइल त्या यादीत विषाणू ठरते. अँटिव्हायरस तिला उचलून बाजूला काढतो. यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू होत राहतात आणि नेटवर्कवरून तुटतात. दुरुस्तीसाठी एकेका यंत्राजवळ माणूस पाठवावा लागतो.

तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, ते क्राउडस्ट्राइक ही संगणक-सुरक्षा कंपनी सहकाऱ्यांसह स्थापन करतात.

संरक्षणाची फाइल एकाच वेळी सगळ्या यंत्रांवर गेली आणि ती चुकीची निघाली, तर काय होतं, हे या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

२८ फेब्रुवारी २०२४. १४२ दिवस आधी

क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांसाठी खुली होते.

फाल्कन यंत्रावर पाळत ठेवतो. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये बसतो आणि यंत्र सुरू होतानाच चढतो. हल्लेखोराचा प्रोग्रॅम त्याच्या आधी चढू नये, म्हणून ही योजना आहे. ती योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम लक्षात ठेवायला हवा. हा ड्रायव्हर कोसळला तर यंत्र कोसळेल, आणि पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा त्याच जागी कोसळेल.

हल्ल्यांच्या तऱ्हा रोज बदलतात. दर वेळी नवा ड्रायव्हर पाठवणं परवडत नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक इंटरप्रिटर ठेवलेला आहे आणि कंपनी त्याला नियमांच्या फाइली पाठवत राहते. ड्रायव्हर तोच, नियम नवे. कंपनी या फाइलींना कोड म्हणत नाही, मजकूर म्हणते. मला हा भेद मान्य नाही. कोणती किंमत वाचायची आणि ती कशाशी ताडायची, हे ज्या मजकुरावरून यंत्र ठरवतं, तो मजकूर प्रोग्रॅमच असतो.

७.११ मध्ये नियमांचा एक नवा साचा येतो. विंडोजमधले प्रोग्रॅम नेम्ड पाइप या वाटेने एकमेकांशी बोलतात. तिचा गैरवापर ओळखण्यासाठी हा साचा आहे. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने लिहिलेले आहेत. इंटरप्रिटरला प्रत्यक्ष किंमती पुरवणारा सेन्सरमधला भाग २० च किंमती पुरवतो.

हा फरक त्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रोग्रॅम बांधला जाताना दोन्ही आकडे ताडून पाहणारी तपासणी नाही.

५ मार्च. १३६ दिवस आधी

नव्या साच्याची ताण-चाचणी होते. साचा उत्तीर्ण होतो. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम चॅनल फाइल २९१ या नियमांच्या फाइलमधून ग्राहकांच्या यंत्रांवर जातो.

नियमातल्या एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण आहे. काहीही चालणार असेल तर किंमत बघायची गरज नाही. इंटरप्रिटर एकविसाव्या जागी जातच नाही.

स्वयंचलित चाचणीसाठी १२ नमुने निवडलेले आहेत. बाराही नमुन्यांत एकविसाव्या रकान्यात तीच खूण आहे.

८ ते २४ एप्रिल. १०२ ते ८६ दिवस आधी

त्याच साच्याचे आणखी तीन नियम जातात. तिन्ही ठरल्याप्रमाणे चालतात. एकविसाव्या रकान्यात पुन्हा ‘काहीही चालेल’.

आता साचा चार वेळा वापरून झालेला आहे. पुढच्या नियमाच्या वेळी या चार यशांचा आधार घेतला जाईल. चारही वेळा एकविसावी जागा मात्र अस्पर्शित राहिली होती.

या काळात लागू असलेला एक निर्णय इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर लटकलेलं आहे. सेन्सरची नवी आवृत्ती लगेच नको असेल, तर ग्राहकाला एक किंवा दोन पायऱ्या मागे राहता येत होतं. अनेक सावध संस्था तशा राहत होत्या. नियमांच्या फाइलींना मात्र ही सोय नव्हती. त्या सगळ्यांना, सगळीकडे, एकदमच जात. आधी थोड्या यंत्रांवर, मग बाकीच्यांवर, असा टप्पा नव्हता. हल्लेखोर थांबत नाही, म्हणून नियमानेही थांबायचं नाही, असा त्यामागचा विचार होता.

२८ जून, पहाटे ५ च्या सुमारास. २१ दिवस आधी

दिल्लीत मुसळधार पाऊस. इंदिरा गांधी विमानतळाच्या टर्मिनल १ बाहेरचं छत कोसळतं. एक माणूस मरतो. टर्मिनल १ बंद होतं आणि तिथली विमानं टर्मिनल २ आणि ३ कडे वळवली जातात.

या अपघाताचा संगणकांशी काही संबंध नाही. पण पुढचे काही आठवडे दिल्लीचा सगळा देशांतर्गत प्रवास तीनऐवजी दोन टर्मिनलांवरून होणार आहे.

१९ जुलै, शुक्रवार, पहाटे ३ ते ३.३०. सहा तास आधी

मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचं मध्य अमेरिकेतलं केंद्र बिघडतं. यंत्रणेतल्या एका बदलामुळे तिथल्या संगणकांचा साठवणुकीशी संबंध तुटतो. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांना त्याचा फटका बसतो.

हा वेगळा बिघाड आहे. पण त्याची बातमी आधी पसरते. दिवस उजाडल्यावर जो तो गडबडीचं कारण ‘मायक्रोसॉफ्ट’ असं सांगणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

सकाळी ९.००

दक्षिण दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. जवळच सफदरजंग विमानतळाच्या आवारात राजीव गांधी भवन आहे. नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि विमानतळ प्राधिकरणाचं मुख्यालय तिथेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही त्याच विमानतळासमोर, अरविंदो मार्गावर. देशाच्या नागरी विमान वाहतुकीचा कारभार या एवढ्या पट्ट्यातून चालतो.

मंत्रिपदी राम मोहन नायडू आहेत. राज्यमंत्री पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ. दोघांनाही हे खातं मिळून सहा आठवडेही झालेले नाहीत.

कार्यालयं उघडतात. विमानतळावर सकाळची गर्दी आहे.

९.३९

चॅनल फाइल २९१ ची नवी आवृत्ती निघते. तिच्यात दोन नवे नियम आहेत.

पाठवण्याआधी कंपनीच्या व्हॅलिडेटरने दोन्ही नियम तपासले आहेत. व्हॅलिडेटर साच्याची व्याख्या प्रमाण मानतो. व्याख्येत २१ रकाने आहेत आणि नियमात २१ रकाने आहेत. दोन्ही नियम उत्तीर्ण.

दोनपैकी एका नियमाच्या एकविसाव्या रकान्यात प्रथमच ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं नाही. तिथे ताडून पाहण्याजोगी ठरावीक किंमत आहे.

हा नियम खऱ्या इंटरप्रिटरमध्ये घालून एकदा चालवून पाहिलेला नाही. एका विंडोज यंत्रावर एकदा चालवला असता, तर ते यंत्र काही क्षणांत बंद पडलं असतं आणि फाइल इमारतीबाहेर गेली नसती.

९.३९ नंतर, यंत्राच्या आत

फाइल उतरते. सेन्सर ती वाचतो. अजून काही घडत नाही. नियम प्रसंगाची वाट पाहत असतो.

विंडोजमधला कुठलातरी प्रोग्रॅम दुसऱ्याशी बोलतो. विंडोज सेन्सरला वर्दी देतं. इंटरप्रिटर नवा नियम काढतो आणि वर्दीतल्या किंमती त्याच्याशी ताडायला लागतो.

मेमरीत वीस रकान्यांची रांग आहे. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून क्रमांक ० ते १९. प्रत्येक रकान्यात एक पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर खरी किंमत. नियम सांगतो, एकविसावा रकाना वाच. तो रकाना नाही. पण रांग संपते तिथे मेमरी संपत नाही. पुढे दुसऱ्याच कशाचे तरी बाइट पडलेले आहेत. इंटरप्रिटर तेच बाइट पत्ता समजून उचलतो आणि त्या पत्त्यावर वाचायला जातो.

त्या पत्त्यावर वाचण्याजोगं काही नाही.

रांगेची लांबी किती आणि मागितलेला क्रमांक तिच्यात बसतो का, ही एक तुलना इथे हवी होती. यंत्रभाषेत ते दोन-तीन सूचनांचं काम. ती तुलना तिथे नव्हती. जावा शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातून हीच चूक रोज होते. त्याच्या पडद्यावर ‘क्रमांक मर्यादेबाहेर’ अशी ओळ उमटते, प्रोग्रॅम थांबतो आणि शेजारच्या खिडकीत लावलेलं गाणं चालूच राहतं. भाषा त्याच्या वतीने मोजत असते. तो विद्यार्थी हुशार की ढ, विश्वासू की लबाड, याची ती चौकशी करत नाही.

इथे मोजलं गेलं नाही, कारण फाइल कंपनीची स्वतःची होती. परक्याच्या सामानाची झडती होते आणि घरच्या माणसाला दारातून तसंच आत सोडलं जातं, तसं हे झालं. सँडबॉक्स बांधणारे गेली तीस वर्षं याच सवयीशी झगडत आले आहेत. लबाडीने लिहिलेला नियम आणि चुकून लिहिलेला नियम इंटरप्रिटरपर्यंत पोचतो तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात.

विंडोजला कळतं की कर्नेलमधल्या एका ड्रायव्हरने नसलेल्या जागी वाचलं. यापुढे मेमरीचा भरवसा धरता येत नाही. विंडोज सगळं थांबवतं आणि निळा पडदा दाखवतं.

यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं. ड्रायव्हर सुरुवातीलाच चढतो. फाइल तिथेच आहे. निळा पडदा.

९.४५ ते १०.३०

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दुपार आहे. तिथल्या बँका, दुकानांचे गल्ले आणि वृत्तवाहिन्यांची यंत्रं सुरुवातीला पडतात. युरोप अजून जागा होतो आहे. अमेरिकेत मध्यरात्र. तिथली कार्यालयं रिकामी आहेत, पण यंत्रं चालू आहेत आणि फाइल घेत आहेत.

भारतात कामाच्या दिवसाची सुरुवात. त्या वेळी चालू असलेलं, नेटवर्कला जोडलेलं आणि ७.११ किंवा पुढची आवृत्ती असलेलं प्रत्येक विंडोज यंत्र ही फाइल घेतं. मॅक आणि लिनक्सला ती लागू नाही.

लिनक्ससाठीही फाल्कन आहे, आणि तोही निर्दोष नाही. त्याच वर्षी जूनमध्ये रेड हॅट लिनक्सच्या एका कर्नेल आवृत्तीवर फाल्कन सुरू होताच यंत्र कोसळत असल्याची नोंद झाली होती. ती बातमी लिनक्स सांभाळणाऱ्यांपुरती राहिली.

१०.५७

कंपनी फाइल मागे घेते आणि दुरुस्त आवृत्ती पाठवते. फाइल ७८ मिनिटं बाहेर होती.

ज्या यंत्रांनी ती अजून घेतलेली नाही, ती वाचली. ज्यांनी घेतली, त्यांतल्या बहुतेकांना दुरुस्ती पोचत नाही. दुरुस्ती नेटवर्कवरून येते आणि नेटवर्क जोडलं जाण्याआधीच यंत्र कोसळतं. काही यंत्रांना पडण्याआधीच्या त्या काही क्षणांत नवी फाइल मिळून जाते. अझूरवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट पुढे सल्ला देतं की पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं आहे.

११.०० च्या सुमारास

क्राउडस्ट्राइक ग्राहकांसाठी पहिली तांत्रिक सूचना काढते. विंडोज यंत्रं कोसळत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत, एवढा तिचा सूर. तासाभरात उपाय येतो.

उपाय हाताने करायचा आहे. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोजच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा. ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल शोधा. ती पुसा. यंत्र पुन्हा सुरू करा.

हार्डडिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याआधी ४८ अंकी किल्ली टाइप करावी लागते. चांगल्या संस्थांमध्ये डिस्क कुलूपबंदच असते. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवलेली आहे, तोही निळा पडलेला आहे.

एक यंत्र, एक माणूस, एक किल्ली. २०१० मध्येही असाच एकेका यंत्राजवळ माणूस पाठवावा लागला होता.

दुपारी १२ ते ३

दिल्ली, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस. तिकीट काढणं, चेक-इन, बोर्डिंग पास या सेवा अडखळतात किंवा थांबतात. इंडिगो प्रवाशांना अझूरमधल्या अडचणीबद्दल सांगते. अकासा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवते. पहाटेचा बिघाड आणि सकाळचा बिघाड आता कुणाला वेगळे करता येत नाहीत.

काउंटरवरची माणसं पेन काढतात. छापील कोऱ्या पासवर प्रवाशाचं नाव, विमानाचा क्रमांक, आसन आणि दाराचा क्रमांक हाताने लिहून दिला जातो. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाने अशा पासचं छायाचित्र टाकलं आणि ते जगभर फिरलं. शाईतली घाईची अक्षरं, आणि वर विमान कंपनीचं छापील चिन्ह. दिल्ली विमानतळावर पांढरा फळा उभा केला जातो. विमानांच्या वेळा आणि दारांचे क्रमांक त्यावर मार्करने लिहिले जातात, वेळ बदलली की पुसून पुन्हा लिहिले जातात.

टर्मिनल १ बंदच आहे. सगळी गर्दी टर्मिनल २ आणि ३ वर.

हाताने एका प्रवाशामागे लागणारा वेळ यंत्रापेक्षा कितीतरी जास्त. विमान उशिरा सुटतं. तेच विमान पुढच्या शहरातून परत यायचं असतं, तेही उशिरा. वैमानिकांची कामाची वेळ संपत येते. सकाळी एका रकान्यात झालेली चूक दुपारपर्यंत वेळापत्रकात पसरलेली असते.

मंत्रालय विमानतळांना आणि कंपन्यांना सांगतं की प्रवाशांशी सहानुभूतीने वागा, बसायची जादा सोय करा, पाणी आणि खाणं द्या. त्या दुपारी मंत्रालयाच्या हातात एवढंच होतं.

३.१५ च्या सुमारास

जॉर्ज कर्ट्झ समाजमाध्यमावर लिहितात की हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका मजकूर-फाइलमधला दोष आहे, तो सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवलेली आहे. पहिल्या संदेशात दिलगिरी नाही. ती काही वेळाने मुलाखतीत येते.

फाइल मागे घेऊन चार तास उलटलेले आहेत.

दुपार ते रात्र

माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव सांगतात की मायक्रोसॉफ्टशी संपर्क आहे, कारण कळलं आहे आणि एनआयसीच्या जाळ्यावर परिणाम झालेला नाही. सरकारी कार्यालयं एनआयसीच्या जाळ्यावर चालतात. सायबर आपत्कालीन पथक सर्ट-इन फाइल पुसण्याची कृती जाहीर करतं. एनआयसी आणि सर्ट-इन, दोन्हींची कार्यालयं लोधी रोडवरच्या सीजीओ संकुलात.

मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजार सुरळीत चालतात. रिझर्व्ह बँक सांगते की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका मोजक्याच आहेत.

म्हणजे भारत मोठ्या प्रमाणात वाचला. तो वाचला, कारण हे सॉफ्टवेअर इथे कमी ठिकाणी होतं. आपण आधीच काही तपासलं होतं, म्हणून नव्हे. हा फरक त्या संध्याकाळच्या सरकारी निवेदनांमध्ये मला दिसला नाही आणि तो दिसायला हवा होता.

इंडिगो रद्द केलेल्या विमानांची यादी लावते. आकडा १९२. ज्यांचं विमान रद्द झालं त्यांना दुसरं विमान किंवा परतावा मिळणार होता, पण दोन्हींसाठी लागणारी यंत्रणाही त्या वेळी पूर्ण चालू नव्हती.

२० जुलै, शनिवार, पहाटे ३.००

भारतीय विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत चालू लागतात. नायडू सकाळी तसं जाहीर करतात. साचलेलं काम दुपारपर्यंत उरकेल, असंही सांगतात.

पहिलं यंत्र पडल्यापासून साधारण साडेसतरा तास.

२० जुलै

मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड वेस्टन आकडा सांगतात. ८५ लाख विंडोज यंत्रं, सगळ्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी. पण ही यंत्रं घरांतली नव्हती. ती रुग्णालयांत, विमानतळांवर, बँकांत आणि आपत्कालीन दूरध्वनी केंद्रांत होती. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येत नव्हत्या. अमेरिकेतली डेल्टा ही विमान कंपनी पुढचे पाच दिवस सावरत राहिली आणि तिची सुमारे ७,००० विमानं रद्द झाली.

६ ऑगस्ट

कंपनी मूळ कारणांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात वर लिहिलेलं सगळं आहे: २१ आणि २० चा फरक, ‘काहीही चालेल’, बारा नमुने, व्हॅलिडेटरचा गैरसमज, टप्प्यांचा अभाव. अहवाल मोकळेपणाने लिहिलेला आहे आणि त्याचं श्रेय कंपनीला दिलं पाहिजे. यानंतर नियमांच्या फाइली टप्प्याटप्प्याने जाऊ लागतात आणि त्या कधी, कुठल्या यंत्रांवर घ्यायच्या, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाला मिळतो.

सप्टेंबरमध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ॲडम मेयर्स अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे माफी मागतात. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्ट सुरक्षा कंपन्यांची बैठक बोलावतं. असं सॉफ्टवेअर कर्नेलबाहेर, वेगळ्या कुंपणात चालवता येईल का, हा विषय. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट जाहीर करतं की विंडोजमधली तशी सोय पुढच्या महिन्यात निवडक सुरक्षा कंपन्यांना आजमावायला मिळेल.

आपल्या महापालिकेत, बँकेत, रुग्णालयात असं सॉफ्टवेअर ज्यांच्या सहीने येतं, त्यांना माझी एक विनंती आहे. निविदेत एक प्रश्न लिहा: तुमच्याच कंपनीने चुकीची फाइल पाठवली, तर आमचं यंत्र काय करेल? उत्तर लेखी घ्या. ‘आम्ही चुकीची फाइल पाठवत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

२५ जुलै ते ९ ऑगस्ट २०२४

२५ जुलैला, घटनेनंतर सहाव्या दिवशी, इंटरप्रिटरमध्ये हद्द मोजणारी तपासणी घातली जाते. २७ जुलैला प्रोग्रॅम बांधतानाच रकान्यांची संख्या ताडणारी दुरुस्ती लागू होते. जुन्या सेन्सरांमध्येही मागे जाऊन हद्दीची तपासणी बसवली जाते आणि ती ९ ऑगस्टपर्यंत सर्व ग्राहकांसाठी खुली होते. ७.११ आल्यापासून तोवर १६३ दिवस झाले होते.